कमजोर बाजू आधी

आधी लाज वाटली, दुखलं मग. फुटपाथ संपतो तिथे मी पाय टाकला, आणि पायाने जिथे रस्ता धरला होता तिथे तो नव्हता, जरासा खाली होता. बस, एवढंच निमित्त. डावा घोटा वळला, पिशवी उडाली, आईसाठी घेतलेली संत्री चौकभर गडगडत गेली, आणि लोकांना उठायला-बसायला शिकवून पोट भरणारी ही बाई रविवारी सकाळी भर रस्त्यात पाय पसरून बसली. सिग्नल लाल होता म्हणून बरं. पँट गुडघ्यावर फाटली होती, आतलं खरचटलेलं दिसत होतं, आणि मला काय सुचावं, तर जिममधल्या कोणी पाहिलं नाही ना! इतक्यात कुत्र्याला फिरवायला निघालेली एक बाई आणि टोपी घातलेले एक आजोबा धावत आले. ‘अहो, लागलं का?’ ‘उठा, उठा, गाड्या येतील’ असं म्हणत दोघांनी माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि मला उचललं. मी तोंड उघडायच्या आत. पायांना जमीन कळायच्या आधीच मी उभी होते. त्या क्षणी मला असा राग आला, असा राग आला की विचारू नका. भली माणसं बिचारी, आपलं काम सोडून धावलेली, आणि मी त्यांच्यावर खेकसले, ‘सोडा मला! खाली बसू द्या!’ त्यांनी दचकून सोडलं. मी पुन्हा खाली बसले. कुत्रा भुंकायला लागला.

खाली बसल्यावर कळलं, राग कशाचा होता ते. कानात आईचा आवाज आला. ‘खरं सांग, तू उचललंस की मी उठले?’ गुरुवारी तिच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सोफा भिंतीला सरकवून सराव करत होतो. फरशीवर बसायचं आणि एकटीने उठायचं, एवढाच सराव. ती अर्ध्यावर आली, मांडी थरथरायला लागली, आणि माझा हात आपोआप तिच्या कोपराखाली गेला. ती उभी राहिली, गाऊन सारखा केला आणि तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, ‘तूच उठलीस गं, मी नुसता हात लावला.’ आईचं सगळं आयुष्य कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून गेलं. ती म्हणाली, ‘कापड मोजताना अंगठा नुसता लागला म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.’ मग चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, पण त्या विषयावर दोघी गप्प. कारण गुरुवार तो शेवटचा होता आणि आज रविवार होता. आज दादा येणार होता, माझा थोरला भाऊ, आणि आज आईला त्याच्यासमोर फरशीवरून उठून दाखवायचं होतं.

दादा काही दुष्ट नाही हो. दुष्ट असता तर सोपं होतं. थंडी सुरू झाली तेव्हा आई स्वयंपाकघरात पडली. मोडलं-बिडलं काही नाही, नुसती बसकण मारली, पण उठता येईना. उजवा गुडघा कधीच तिच्या बाजूचा नव्हता, इतकी वर्षं त्याच पायावर भार टाकून उभी राहिली ना! फोन बाहेरच्या खोलीत. हाका मारायची लाज वाटली म्हणे. दुपारभर ती ओट्याखालच्या कपाटाला टेकून फरशीवर बसून राहिली, आणि संध्याकाळी दादा सहज डोकावला तेव्हा तिने हाताला येतील तेवढे डबे बाहेर काढून, पुसून, पुन्हा लावून ठेवले होते. ‘बसल्या बसल्या काय करणार,’ म्हणाली. मला हे ऐकून हसू आलं. दादाला नाही आलं. तो माझ्याकडे आला आणि माझ्या दारात उभा राहून रडला, माझा एवढा टाय लावणारा, कपाळाला आठ्या घालून बोलणारा दादा. ‘मी डोकावलो नसतो तर? बोल ना पहिलवान, नसतो डोकावलो तर?’ मला तो लहानपणापासून पहिलवान म्हणतो. मग त्याने आपल्या घरातली एक खोली रिकामी केली, तिला फिकट पिवळा रंग दिला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. वहिनीने नवे पडदे शिवले. आणि आई म्हणाली, ‘खोली छान आहे. कोणासाठी?’

तिथून जे भांडण पेटलं ते पेटलं. आईचं म्हणणं एकच, तुझ्या घरी मी पाहुणी. ‘इथे मी भांडं आपटलं तर कोणी काय झालं म्हणून विचारत नाही. हे सुख तुला कळायचं नाही.’ दादाचं म्हणणं एकच, पुन्हा पडलीस तर. शेवटी त्यानेच, चिडून, दारात बूट चढवता चढवता, पैज लावल्यासारखं म्हटलं, ‘फरशीवरून एकटी उठून दाखव. खुर्ची नाही, भिंत नाही, पहिलवानाचा हात नाही. उठलीस तर जन्मभर इथे राहा, मी अवाक्षर काढणार नाही. नाही तर खोकी आणतो आणि सामान बांधतो.’ त्याला वाटलं, ती गप्प बसेल. आई म्हणाली, ‘थंडी सरू दे.’ आणि माझ्याकडे वळून, ‘मास्तरीणबाई, शिकवणी कधीपासून?’

तर थंडी सरली होती, आणि मास्तरीणबाई चौकात बसल्या होत्या. आजोबा संत्री गोळा करत होते. बाई कुत्र्याला शांत करत माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की हिच्या डोक्याला तर लागलं नाही? मला मात्र खालून सगळं फार वेगळं दिसत होतं. इतकी वर्षं मी माणसांना वरून पाहत आले. माझा सगळा धंदाच उभ्याचा. उभं राहा, गुडघे सैल, पाठ सरळ, आता खाली, आता वर. वर आलं की पुन्हा खाली. पण खालूनच सुरुवात करायची असेल, तर? ज्याला कोणी वर आणून ठेवलेलंच नाही त्याने काय करायचं? फरशीवर बसलेल्या आईला वरची सगळी दुनिया अशी दिसत असणार, सगळ्यांचे गुडघे, सगळ्यांच्या पिशव्यांचे तळ, आणि वरून येणारे हात. मला एकदम तिच्याशेजारी बसल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगते, सगळ्या थंडीत मी एकदाही तिच्याशेजारी नुसती बसले नव्हते.

शिकवणीत मी कसर ठेवली नव्हती, हे माझं मलाच सांगून ठेवते. शरीराचा एक सरळ हिशेब आहे, ते मागाल तेच देतं, आणि हळूहळू मागाल तरच देतं. माझ्याकडे लोक येतात, त्यांना सगळं लग्नाच्या आधी हवं असतं, पी हळद अन् हो गोरी. आईकडे मी घाई केली नाही. आधी उंच खुर्चीवरून उठणं, मग बुटक्या स्टुलावरून, मग त्याच्याहून बुटक्या पेटीवरून. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर चढ-उतर, हातात पिठाचा डबा घेऊन, मग भरलेला डबा घेऊन. गुरुवारी माझ्यासमोर, एरवी तिची तिने, एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. आरामाच्या दिवशी ती मुद्दाम फोन करायची, ‘मास्तरीणबाई, मी काहीच करत नाहीये, बरोबर आहे ना?’ मी म्हणायची, अगदी बरोबर. कारण हे तिलाच आधी कळलं होतं, माझ्याही आधी. पस्तिशी उलटल्यावर मी विम्याच्या ऑफिसातली टेबलाची नोकरी सोडून ट्रेनरच्या परीक्षेला बसले तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, आणि आईने मात्र आपली पाठ दिली होती. अक्षरशः दिली. संध्याकाळी दुकानातून येताना ती झिजलेले शिंप्याचे खडू रुमालात बांधून आणायची, निळे, गुलाबी, पिवळट, आणि जुना पांढरा गाऊन घालून सोफ्यावर पालथी पडायची. मी एका हातात व्यायामशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक धरून दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर स्नायू काढायची. मानेपासून कमरेपर्यंत हा पतंगाच्या आकाराचा, बगलेकडून वळून गेलेला हा रुंद, कण्याच्या दोन बाजूंनी हे दोन दोर. खडू फिरला की तिला गुदगुल्या व्हायच्या. ‘शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू ढुंगणाचा,’ मी मोठ्याने वाचलं, तर उशीत तोंड खुपसून ती इतकी हसली की माझी सगळी रेघ हलली. ‘हे कळायला पुस्तक लागतं?’ मग पुढच्या पानावर होतं की स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत वाढतो. ‘मग आता हात लावू नकोस,’ ती म्हणाली, ‘मला वाढू दे,’ आणि खरंच झोपली. मी बराच वेळ तशीच बसले होते, माझं सगळं शास्त्र निळ्या-गुलाबी रेघांत तिच्या पाठीवर श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. त्या परीक्षेत मी पहिल्या झटक्यात पास झाले.

त्याच पुस्तकातला एक नियम माझा फार लाडका. एका पायाचा किंवा एका हाताचा व्यायाम असेल तर कमजोर बाजू आधी. कमजोर पाय ताजातवाना असताना त्याला काम द्यायचं, आणि त्याला झेपेल तेवढंच मग बळकट पायाला. नाही तर बळकट बाजू सगळी रग घेऊन जाते आणि कमजोराच्या वाट्याला उष्टं येतं. मला हा नियम न्यायाचा वाटतो. जिमच्या भिंतीवर मी तो माझ्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलाय, आणि माझी माणसं दारातून आत येता येताच म्हणतात, ‘हो हो, माहितीय, कमजोर आधी.’ आईही म्हणायची. पायरीवर चढताना उजवा आधी, एका पायावर उभं राहताना उजवा आधी, आणि अर्थातच फरशीवरून उठताना उजवा पाय आधी पुढे. तिचा उजवा पाय खरोखर सुधारला. स्टुलावरून आता ती हात न टेकता उठायची आणि वर ‘टण्ण’ असा आवाज काढायची. फक्त फरशीवरून उठताना अर्ध्यावर यायची आणि थरथरायची, दर वेळी, त्याच ठिकाणी. मी म्हणायची, अजून थोडी ताकद हवी. आणि हात लावायची.

‘बाई, उठता का आता?’ आजोबा पिशवी पुढे करून म्हणाले. सिग्नल हिरवा झाला होता आणि एक टेम्पो मला वळसा घालून, हॉर्न वाजवून गेला. ‘उठते,’ मी म्हटलं, ‘फक्त हात लावू नका.’ आणि उठले. आणि उठता उठता पाहिलं, मी काय करतेय ते. आधी एका कुशीवर वळले. मग दोन्ही तळवे रस्त्यावर. मग, शोभेल न शोभेल, ढुंगण वर. हा तोच तो सगळ्यात मोठा स्नायू. आणि मग पाय पुढे आला, उजवा. घोटा दुखावला होता डावा, कमजोर होता डावा, आणि अंगाने मला न विचारता, भिंतीवरच्या माझ्या मोठ्या अक्षरांना न जुमानता, धडका पाय पुढे टाकला आणि वर आलं. मी उभी राहिले आणि जागच्या जागी थिजले. मग पुन्हा खाली बसले. ‘अरे देवा,’ कुत्रेवाली बाई म्हणाली. या वेळी मी मुद्दाम डावा पाय पुढे घेतला, नियमाप्रमाणे. अर्ध्यावर आले. मांडी थरथरली, त्याच ठिकाणी. आणि मी सरळ बसले खाली, धप्पकन.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला रस्त्यात बसून इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. कमजोर बाजू आधी, हे खरंच आहे, हजारदा खरं आहे, पण ते पाय घडवायचं आहे. उठायचं नाही. व्यायाम वेगळा आणि उठणं वेगळं. व्यायामात तुम्ही पायाला शिकवता. उठताना जे शिकून झालंय ते खर्च करता. सगळी थंडी मी आईला भिंतीवरचा धडा गिरवायला लावत होते, ती इमानेइतबारे गिरवत होती, आणि तिचा डावा, चांगला, भरवशाचा डावा पाय मागे नुसता मान खाली घालून बसला होता! परक्या कोणाचं असतं तर मला चुटकीसरशी दिसलं असतं. आईचं दिसलं नाही, कारण ती थरथरली की मी पाय बघायचीच नाही. तिचा चेहरा बघायची, आणि माझा हात पुढे जायचा.

मी आजोबांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, कुत्र्याच्या डोक्यावर थोपटलं, आणि लंगडत पळत सुटले. लंगडत पळता येतं, काळजी करू नका, ते काही फार देखणं नसतं एवढंच. काय सकाळ होती! ऊन अजून कोवळं होतं आणि सगळं शहर उठत-बसत होतं. एक माणूस बाबागाडीखाली वाकून हरवलेला बूट शोधत होता आणि त्याची पाठ किती छान गोल झाली होती. शिडीवर उभी राहून एक बाई दुकानाची काच पुसत होती, पोटऱ्या ताठ, हात डोक्याच्या वर, आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं की हा खांद्याचा उत्तम व्यायाम आहे. एक बाप खांद्यावर पोर घेऊन चालला होता आणि पोर त्याचे केस लगामासारखे ओढत होतं. या सगळ्यांना मी ओळखत नव्हते आणि सगळ्यांच्या कातडीखालचं मला पाठ होतं, निळ्या-गुलाबी रेघांसकट. एरवी मी रस्त्याने जाताना सगळ्यांच्या चुका काढत जाते, हा मान पुढे काढून चालतो, ही एकाच खांद्यावर पिशवी घेते. त्या दिवशी मला एकही चूक दिसली नाही. पडली होती ती सगळी माणसं कधी ना कधी, आणि उठली होती, प्रत्येक जण आपापल्या वेडगळ पद्धतीने. मला फक्त एक वाक्य आईपर्यंत न्यायचं होतं. डावा आधी. एवढंच. दादा यायच्या आत पोचले की झालं, एकदा करून बघू, दोनदा करून बघू. मी जिना चढले, उजवा पाय आधी, आणि दार ढकललं.

दादा आला होता. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खोकी उभी होती, अजून न उघडलेली, चपटी, नवी कोरी, दोरीने बांधलेली.  आई खिडकीजवळ उभी होती, केस घट्ट बांधलेले, अंगात तोच सरावाचा गाऊन, तयार. ‘हे काय, पडलीस?’ ती माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली. ‘काही नाही गं. ऐक, मला तुला एक...’ मी सुरुवात केली आणि दादा मध्ये आला. ‘अं हं. पहिलवान, आज तू बोलायचं नाहीस.’ ‘अरे एकच वाक्य...’ ‘एक नाही, अर्धं नाही. मला माहितीय तुमचं. तू इकडून सांगत राहशील, हे उचल, ते उचल, आणि आई उठेल. दुपारी एकटी पडेल तेव्हा कोण सांगणार?’  त्याचं म्हणणं खरं होतं. त्याचे डोळे लाल होते, झोप झालेली नव्हती, हात सारखे खिशात जात होते आणि बाहेर येत होते. त्यालाही ती उठायला हवी होती. हे मला तेव्हाच दिसलं, आणि त्यालाच ते कळलेलं नव्हतं. ‘बोलू नकोस, हात लावू नकोस,’ तो म्हणाला, ‘एवढंच कर.’ मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले.

आई फरशीकडे बघत होती. ‘गुडघ्याला फार टोचतं हे,’ ती म्हणाली, आणि मग दादाला, ‘त्यातलं एक खोकं काढ.’ दादाला कळेना. ‘काढ रे. अंथर इथे.’ त्याने मुकाट्याने दोरी सोडली आणि आईचं सामान भरायला आणलेलं खोकं उलगडून तिच्या पायाशी अंथरलं. आई त्यावर बसली. बसायला ती छान शिकली होती, हळूच, धप्प न होता. मग उठायला लागली. कुशीवर वळली, तळवे टेकले, आणि पाय पुढे आला. उजवा. अर्थातच उजवा! मी शिकवलेला, लाडका, न्यायाचा उजवा. अर्ध्यावर आली. पुठ्ठा करकरला. मांडी थरथरायला लागली. माझी बोटं पाठीमागे एकमेकांत इतकी रुतली की नखं लागली. आणि आई बसली खाली.  दादाने तोंड खिडकीकडे फिरवलं. आई नुसती खोक्यावर बसून राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे मी सगळ्या थंडीत पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटत होती. पिवळ्या खोलीची, नव्या पडद्यांची, सगळ्यांच्या चांगुलपणाची.

बोलायचं नाही. हात लावायचा नाही. मग मी काय केलं, तर खाली बसले. तिच्यासमोर, उघड्या फरशीवर, फाटक्या पँटीने, हात अजून पाठीमागेच. आमच्या धंद्यात समोर उभं राहून आरशासारखं दाखवतात, समोरच्याचा डावा हलवायचा असेल तर आपला उजवा हलवायचा. ते इतकं अंगवळणी पडलंय की मी स्वप्नातही उलटी असते. आई माझ्या सुजलेल्या डाव्या घोट्याकडे बघत होती. मी हात सोडवले, कुशीवर वळले, तळवे टेकले, ढुंगण वर केलं, आणि सावकाश, अगदी सावकाश, उजवा पाय पुढे टाकला. तिच्या डाव्याच्या बरोबर समोर. आणि उठले. हात पुन्हा पाठीमागे अडकवले. ‘ए, हे चालणार नाही हं,’ दादा वळून म्हणाला. ‘का?’ आई म्हणाली. तिचे डोळे माझ्या पायांवरून हलले नव्हते. ‘तिने दाखवलं. मी बघितलं. बघायला पैसे पडत नाहीत.’ हे तिचं दुकानातलं वाक्य. रिकाम्या हाताने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती हेच म्हणायची, हसून, ताग्यावर तागा उलगडत, आणि बहुतेक वेळा ते गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच जायचं.

ती पुन्हा वळली. तळवे टेकले. डाव्या पायाने आधी खोक्यावर जरा चाचपलं, त्याला कोणी असं पुढे बोलावलंच नव्हतं कधी. मग तो आला आणि पंजा सपाट बसला. त्याच ठिकाणी ती थांबली. मला दिसलं, श्वास कोंडलाय. सोड, सोड, सोड, असं मी मनातल्या मनात इतक्या जोरात ओरडले की दादाला ऐकू गेलं असेल. आणि आईने सोडला, मोठ्ठा, ‘फू’ करून, भाजलेल्या बोटावर फुंकर घालतात तसा. एक तळवा गुडघ्यावर आला, मग दुसरा, तळवे मांडीवरून वर चढत गेले, पाठ उलगडत गेली, ते दोन दोर, तो पतंग, सगळं ओळीने, एकावर एक, आणि आई उभी होती. जरा झुलली. माझा हात सुटला होता, तो मी परत पकडला. ती झुलायची थांबली. तिने गाऊन सारखा केला, केसांवरून हात फिरवला, आणि दादाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

‘हात कुठे होते?’

‘मागे,’ मी म्हटलं, आणि मग मला रडू कोसळलं, आणि हसूही, दोन्ही एकदम, आणि आईने माझ्या तोंडावरून पदर फिरवावा तशी गाऊनची बाही फिरवली. ‘डावा,’ ती पुटपुटली, ‘एवढी थंडी डाव्याला बाहेरच उभा केला होता गं आपण.’ मी म्हटलं, ‘मी केला.’ ती म्हणाली, ‘मरू दे.’

 दादा उरलेल्या खोक्यांकडे बघत होता, मग आईकडे, मग खोक्यांकडे. मग त्याने नाक ओढलं आणि त्याचा तो ऑफिसातला आवाज काढून म्हणाला, ‘पण एकदा उठलीस म्हणून...’ आणि आई म्हणाली, ‘आता तू.’ ‘मी?’ ‘तू. बस खाली. खुर्ची नाही, भिंत नाही.’ ‘काहीतरीच काय आई, मला येतं की उठता.’ ‘मग दाखव. बघायला पैसे पडत नाहीत.’ दादा हसला, बूट काढले, आणि खोक्यावर बसला, मांडी घालायचा प्रयत्न करत, ती न घालता येऊन, शेवटी दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. आणि उठायला गेला. सगळा जन्म ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर काढलेला माझा दादा ढुंगण हातभर उचलून, ‘अरे’ म्हणून, पुन्हा खाली आला. मग दुसऱ्या कुशीने. ‘अरे, अरे!’ पुठ्ठा फाटला. त्याचा हात सोफ्याकडे निघाला आणि आई नुसती ‘अं हं’ म्हणाली, तसा तो परत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि हळूहळू त्यावर असं काहीतरी पसरत गेलं जे मी तो शाळेत जायचा तेव्हा शेवटचं पाहिलं होतं. तो हसत होता, पोट धरून, आवाज न करता, खांदे गदागदा हलवत. ‘पहिलवान,’ तो कसाबसा म्हणाला, ‘अगं, खरंच उठता येत नाहीये.’ आणि जरा वेळाने, हसू आवरत, ‘शिकवणी कधी असते तुमची?’ ‘थंडीत गुरुवार होता,’ आई म्हणाली. ‘आता रविवारी ठेवू. इथेच.’

त्याने दोन्ही तळवे खोक्यावर टेकले आणि मांडी थरथरायला लागली. त्याच ठिकाणी. माझा हात आपोआप पुढे गेला. आईने त्यावर फाडकन चापट मारली.

‘हात मागे,’ ती म्हणाली, आणि आपलेही पाठीमागे घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली.